शिवसागरावर कयाक नेताय? आधी परतीचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, तुमचे यजमान, भाऊ आणि दहा वर्षांची मुलगी. ऑनलाइन मागवलेल्या, हवा भरायच्या दोन कयाक. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवारी कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये, म्हणजे शिवसागर जलाशयात, तापोळ्याला किंवा बामणोलीला, दिवसभर वल्हवायचं. रविवारी धरणाच्या खाली उतरून पाटणहून कराडच्या दिशेनं नदीतून जायचं. पोहता येतं ते तुम्हाला आणि भावाला. आणि विचारलंय की पाणी शांत असतं ना, लाइफ जॅकेट कुठलं घ्यावं, दिवसात किती किलोमीटर होतील.

मी त्या पाण्यावर बारा वर्षं लोकांना घेऊन जातोय. पाणी शांत आहे का, हे प्रत्येक जण विचारतो. सकाळी सातला शिवसागर असा असतो की समोरच्या डोंगराची सावली जराही हलत नाही. त्यामुळे ‘हो, शांत असतं’ हे उत्तर खरंच आहे, फक्त ते तुमच्या कामाचं नाही. मला विचाराल तर प्रश्न असा हवा: दुपारी बारा वाजता, काठापासून अर्ध्या किलोमीटरवर, तुमचे यजमान किंवा मुलगी पाण्यात पडली, तर पुढच्या पाच मिनिटांत कोण काय करणार? आणि त्यानंतर चौघं काठाला कसे पोचणार? याचं उत्तर तयार असलं की बाकीचे तिन्ही प्रश्न सोपे होतात.

आधी काय काय परिस्थितीवर आहे ते सांगतो. कोयना धरण १९६४ सालचं. साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातलं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं. म्हणजे पावसाळा संपल्यापासून पातळी खाली खाली येत राहते आणि मेमध्ये ती तळाकडे असते. किती तळाकडे, हे त्या वर्षीच्या पावसावर आणि वापरावर. तापोळा जलाशयाच्या वरच्या टोकाला आहे, त्यामुळे पाणी मागे सरकलं की आधी तिथून सरकतं. एखाद्या वर्षी मेमध्येही तापोळ्याला भरपूर पाणी असतं, एखाद्या वर्षी लाँच गाळात बसतात. बामणोली त्याच्या खालच्या अंगाला, तिथे पाणी जास्त टिकतं. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी दोन्हीकडच्या बोट क्लबला फोन करा आणि ‘पाणी आहे का’ असं न विचारता ‘लाँच धक्क्याला लागतेय का’ असं विचारा. नेमकं उत्तर मिळेल. तिथेच हेही विचारून घ्या की स्वतःची कयाक कुठून उतरवू देतात. पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वासोटा किल्ल्यावर जाणारेसुद्धा वनखात्याची परवानगी काढून जातात. तिकडे ‘जरा उतरून डबा खाऊ’ हे करू नका.

पातळी खाली गेलेल्या धरणाचा काठ हा वेगळाच प्रकार असतो. वरून भेगाळलेली, वाळलेली जमीन दिसते आणि पाण्यापासून चार-पाच मीटरवर पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. मुलीची चप्पल तर पहिल्या पावलाला जाते. कयाक खांद्यावर घेऊन राबडीत रुतलेला माणूस विनोदी दिसतो, पण त्याच्या कंबरेला ते विनोदी वाटत नाही. मुरूम किंवा दगड असलेली जागा शोधा, नाहीतर धक्काच बरा. पायात मागून पट्टा असलेले सँडल घाला.

आता मुख्य गोष्ट, वारा.

मेमध्ये तिथे सकाळी साधारण दहापर्यंत वारा नसल्यातच जमा. ऊन चढलं, घाटाच्या पूर्वेची देशावरची जमीन तापली की पश्चिमेकडून घाटमाथ्यावरून वारा ओढला जातो, आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तो जोरात असतो. पण दरीत शिरल्यावर तो दरीच्या वळणाप्रमाणे वळतो. म्हणून जलाशयाच्या एका फाट्यात तो समोरून लागतो तर पुढच्याच वळणाला बाजूनं. हवा भरलेली कयाक पाण्यावर फुग्यासारखी तरंगते. तिचा पाण्याखालचा भाग थोडा आणि वरचा जास्त, त्यामुळे तिला वारा पाण्यापेक्षा जास्त चालवतो. वारा नसताना तुमच्यासारखी नवी मंडळी तासाला तीन किलोमीटर जातील. समोरून ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा आला तर तीच कयाक जवळपास जागच्या जागी राहते. हात थांबवला की मागे.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी हे स्वतः करून पाहिलंय. एप्रिलअखेर, कॉलेजची चार मुलं, दोन चांगल्या टणक कयाक. वारा पाठीवर घेऊन निघालो आणि चाळीस मिनिटांत इतके लांब गेलो की मुलांना वाटलं आपण जन्मजात नावाडी. मलाही तसंच वाटलं, हे जास्त वाईट. परतीला तेच अंतर अडीच तास. त्यात एकाच्या हाताला फोड आले, एकाला ओकारी झाली, पाणी संपलं होतं. शेवटचा तुकडा एका लाँचवाल्यानं दोर टाकून ओढत आणला. पैसे घेतले नाहीत, पण धक्क्यावर सगळ्यांसमोर मला जे ऐकवलं ते मी अजून विसरलेलो नाही. चूक एकच होती: सुरुवात सोपी दिशा बघून केली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. सकाळी साडेसहाला पाण्यात, उशिरात उशिरा साडेदहाला बाहेर. निघताना ज्या बाजूनं दुपारचा वारा येतो तिकडे तोंड करायचं, म्हणजे उशीर झालाच तर वारा घराकडे ढकलेल. आज वारा कुठून उठेल हे लाँचवाल्यांना विचारायचं. रोज त्याच पाण्यावर असतात, त्यांच्याइतकं मोबाइलला कळत नाही. जायला एक तास धरला असेल तर यायला दोन तास हातात ठेवायचे. आणि सगळा वेळ काठानं जायचं, काठापासून फार तर पन्नास मीटर. मधून आडवं जाऊन समोरचा काठ गाठायचा मोह तुम्हाला होणार, कारण हवा स्वच्छ असली की तो हाताशी आल्यासारखा दिसतो. जाऊ नका. दिवसात किती किलोमीटर याचं उत्तर यातच आलं: जाऊन-येऊन पाच, फार तर सहा. कमी वाटेल. पण दहा वर्षांच्या मुलीला दोन तास बोटीत बसवून दाखवा, मग बोलू.

मेचा दुसरा आठवडा म्हणजे वळवाचे दिवस. सकाळ निरभ्र, दुपारी ढग फुलकोबीसारखे वर चढतात, आणि चारच्या सुमारास वादळी वारा, वीज, कधी गारा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता आणि हातात बहुतेक ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अर्थात मोजत बसायचं ते काठावर पोचल्यानंतर. पहिला गडगडाट कानावर आला की वल्हं काठाकडे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात नाही, आणि तो अर्धा तास एकट्या झाडाखाली काढायचा नाही, गाडीत बसा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते घेऊन ठेवा. मात्र त्या दरीत रेंज येते-जाते, म्हणून सगळी भिस्त त्यावर नको.

आता ती पाच मिनिटं. लोक लाइफ जॅकेटच्या कंपनीबद्दल तासभर बोलतात आणि पाण्यातून पुन्हा बोटीत चढायचा सराव एकदाही करत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या दहा मोठ्या माणसांतले सात-आठ पहिल्या प्रयत्नात चढू शकत नाहीत, अगदी रोज जिमला जाणारेसुद्धा. जॅकेट छातीशी अडतं, कयाक अंगावर येते, पाय बोटीखाली जातात. जमतं ते असं. कयाकच्या मध्याजवळ या, दोन्ही हात वर टाका, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे करून जोरात मारा, जणू पोहत पोहतच बोटीवर सरकायचंय. पोट बोटीवर आलं की थांबा, श्वास घ्या. मग पाठीवर वळून बसा आणि पाय सर्वांत शेवटी आत घ्या. दुसऱ्या कयाकमधल्यानं समोरच्या बाजूनं तिची कड दाबून धरली तर निम्मं काम होतं. शनिवारी पहिला पाऊण तास याचसाठी ठेवा, छातीभर पाण्यात. प्रत्येकानं तीनदा पडायचं, तीनदा चढायचं. मुलीला यात सगळ्यात मजा येईल, आणि वजन कमी म्हणून तीच पटकन चढेल.

तुमच्या यजमानांना तीन प्रयत्नांत चढता आलं नाही, तर त्यांनी काठावर बसून फोटो काढावेत, किंवा चौघांनी काठाला समांतर, उभं राहता येईल एवढ्याच पाण्यात फिरावं. हे ऐकायला कठोर वाटतं हे कबूल, पण यात मी सूट देत नाही. पडल्यावर पोहत काठाला जायचा प्रयत्नही कुणी करायचा नाही. उलटलेली कयाकसुद्धा तरंगते आणि लांबून दिसते. माणसाचं डोकं दिसत नाही.

बसायचं कसं? दोन्ही कयाकमध्ये एक-एक पोहणारा. मुलगी तुमच्या नाहीतर भावाच्या पुढे, म्हणजे मोठं माणूस मागून तिला बघू शकतं. तिला बोटीला बांधू नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण काळजीपोटी ओढणीनं मूल सीटला बांधलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बोट उलटली तर ते मूल बोटीखाली अडकतं. दोराची वेटोळीही पायाशी सुटी पडू देऊ नका, बांधून ठेवा.

जॅकेटचं आता दोन मिनिटांत. तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी. त्यात हात मोकळे राहतात, वल्हवायला बरं पडतं, ते तुम्हाला आणि भावाला चालेल. न पोहणाऱ्याला १०० न्यूटनचं घ्या, ते तोंड पाण्याबाहेर वर ठेवायला मदत करतं. जरा अवजड वाटेल, वाटू दे. मुलीचं तिच्या वजनाप्रमाणे, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. मोठ्या माणसाचं जॅकेट पट्टे आवळून मुलाला घालायचं नाही. पारखायची रीत सोपी आहे: सगळे पट्टे लावून दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते मापाचं नाही. भाड्यानं मिळणाऱ्यांत चेन तुटलेली, आतला फोम चेपून पोळीसारखा झालेला असा माल सर्रास असतो. तुमचं स्वतःचं आणा. प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिट्टी.

हवा भरायच्या कयाकचं एक मर्म विक्रेते सांगत नाहीत. सकाळी गार हवेत टच्च फुगवलेली कयाक अकराच्या उन्हात काठावर पडली तर आतली हवा प्रसरण पावते आणि शिवण किंवा झडप फाटते. माझ्यासमोर एक फटाक्यासारखी फुटलीय. काठावर ठेवताना थोडी हवा सोडा, सावलीत ओढा. उलटंही होतं: उन्हात भरलेली कयाक गार पाण्यात टाकली की पाच मिनिटांत मऊ पडते, मध्ये वाकते आणि वल्हवताना जीव जातो. पाण्यात टाकून, थांबून, पुन्हा पंप मारा. पंप आणि ठिगळाचं साहित्य गाडीत ठेवून जाऊ नका, बोटीत ठेवा.

रहदारीचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी लाँच बऱ्याच असतात, आणि २०२४ पासून मुनावळ्याला जलक्रीडा केंद्रही झालंय. यंत्राच्या बोटीची लाट आली की पळायचं नाही, कयाकचं टोक लाटेकडे करून ती अंगावर घ्यायची. बाजूनं घेतली तर उलटाल. मासेमारीची जाळी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधून सोडलेली असतात. बाटल्यांची रांग दिसली की लांबून वळसा. जाळं वल्ह्यात अडकलं तर तुमचीही पंचाईत आणि कोळ्याचंही नुकसान. पाणी माणशी दोन लिटर, सोबत ओआरएस, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, मागे झालर असलेली टोपी. ऊन वरून तर लागतंच, पण पाण्यावरून उलटून हनुवटीखालीही लागतं, तिथेही क्रीम लावा. जीन्स नको. बिअर तर नकोच. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि धक्क्यावरच्या कुणाला तरी ‘इतक्या वाजता येतो, नाही आलो तर बघा’ असं सांगून, त्याचा नंबर घेऊन निघा.

आता रविवार. इथे मी तुम्हाला सरळ अडवणार आहे.

पाटणहून कराडकडे कोयना नकाशात फार गोड दिसते. मेमध्ये पुलावरून पाहिलीत तर आणखी गोड, गुडघाभर पाणी, मध्ये मध्ये डोह. पण ते पाणी नदीचं स्वतःचं नसतं, धरणातून सोडलेलं असतं. पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की साधारण १,०५० क्युसेक येतं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीस हजार लिटर. खाली सिंचनाला पाणी हवं असेल तसं ते वाढवतात, कमी करतात, आणि ते तुमच्या सहलीचं वेळापत्रक बघून होत नाही. सकाळी ज्या खडकावर बसून पोहे खाल्ले तो दुपारी पाण्याखाली असू शकतो.

त्याहून मोठी भीती बंधाऱ्यांची. कोयनेवर आणि कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. उन्हाळ्यात त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात आणि मागे सुंदर, संथ, तळ्यासारखं पाणी तुंबतं. पाण्यावरून बघितलं तर बंधारा दिसतच नाही, समोर एक सपाट रेघ दिसते एवढंच. वरून पाणी सांडत असेल तर खाली पडलेली धार तळाशी जाऊन उलटी फिरते आणि वस्तू पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढते. ओंडका तिथे तासन्‌तास गोल फिरताना मी पाहिलाय. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही तसाच फिरतो. वरून सांडत नसेल तर पाणी बरग्यांच्या फटींतून जातं. तिथे पाणी जातं, माणूस जात नाही, आणि मागून दाब येतच राहतो. वाहत्या नदीवर सराईत माणूस आधी सगळा काठ पायी किंवा दुचाकीवरून बघून येतो, प्रत्येक बंधाऱ्याच्या बरंच आधी बाहेर पडतो, बोट खांद्यावर घेऊन खाली जाऊन पुन्हा उतरतो. तुम्ही आदल्या दिवशी पहिल्यांदा वल्हं धरलेलं असेल.

आणि कृष्णेत कराडच्या खाली, सांगलीकडे, मगरी आहेत. भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पुण्याच्या माणसाला सांगावं लागतं. मगरीची मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या वाळूत-मातीत अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात, तोवर ती घरट्याजवळ असते. त्या दिवसांत पाण्यापासून वीतभर उंचीच्या रबरी बोटीत बसून त्या काठानं जाणं मी स्वतः करत नाही.

नदी हवीच असेल तर रविवारीही वरच थांबा. त्या वर्षी तापोळ्याला पाणी असेल तर पहाटे तिथून, जिथे जलाशय अरुंद होत होत पुन्हा नदी व्हायला लागतो, त्या अंगानं वर जा. पुढे कुठलाही बंधारा तुमची वाट बघत नसतो, ओढ जवळजवळ नसते, आणि जी काही असते ती परतीच्या बाजूची. दोन्ही काठ जवळ येतात, मुलीला कंटाळा येत नाही, खंड्या एका वाळक्या खोडावरून पुढच्या खोडावर तुमच्या पुढे पुढे उडत राहतो. पाणी उतरल्यामुळे खोडं आणि जुने दगडी बांध पृष्ठभागाच्या जरा खाली असतात, ते हवेच्या कयाकला भोक पाडतात, म्हणून पुढे बसलेल्या मुलीला पाण्यात बघून ओरडायचं काम द्या. फार मन लावून करतात मुलं ते. कयाकचा तळ खडीला पहिल्यांदा घासला की तिथून वळा. आणि पुण्याला निघायची घाई असली तरी घडी घालण्याआधी दोन्ही कयाक सावलीत पूर्ण वाळवा, नाहीतर पुढच्या सहलीला डिकी उघडाल तेव्हा बुरशीचा वास आधी बाहेर येईल.